जेडचा स्निफर: मोजक्या साधनांत एजंटांचा संवाद पाहताना

जेड हा टेलिकॉम इटालियाने विकसित केलेला, जावात लिहिलेला आणि मुक्त परवान्याखाली मिळणारा एजंट-प्लॅटफॉर्म आहे, म्हणजे एजंट (स्वतंत्रपणे काम करणारे आणि एकमेकांना संदेश पाठवणारे प्रोग्राम) चालवण्याची चौकट. एजंटांमधील संदेश दाखवणारा स्निफर त्याच्यासोबतच येतो. निवडलेल्या प्रत्येक एजंटाचा चौकोन पडद्यावर वर मांडला जातो, संदेश बाणांच्या रूपाने खाली उतरत जातात आणि न निवडलेल्या सर्वांसाठी ‘अदर’ असा एकच चौकोन राहतो.

वाचनीयतेला मी पूर्ण गुण देईन. काँट्रॅक्ट नेट पद्धतीने (अनेकांकडून प्रस्ताव मागवून त्यांतल्या एकाला काम देणे) एका एजंटाने दहा जणांना विचारणा पाठवली आणि सर्वांनी प्रस्ताव दिले, तर दहा विचारणा, दहा प्रस्ताव, एक स्वीकार, नऊ नकार आणि शेवटचा निकाल असे 31 संदेश होतात. त्यांतला एखादा बाण नसेल तर ते चटकन लक्षात येते. बाणावर दोनदा क्लिक केले की संपूर्ण संदेश उघडतो. माझ्या एका चाचणीत प्रस्ताव येऊनही ते जमेस धरले जात नव्हते. संदेश उघडल्यावर ‘इन-रिप्लाय-टू’ हा, उत्तर कोणत्या संदेशाला आहे ते सांगणारा रकाना रिकामा दिसला, कारण उत्तर तयार करण्याची आयती सोय सोडून मी तो संदेश हाताने रचला होता. लॉगच्या ओळी चाळून हे सापडायला बराच वेळ गेला असता.

अडचण भाराची आहे. निवडलेल्या एजंटाच्या संदेशाची प्रत त्याच्या कंटेनरमधील (एजंट ज्यात चालतात त्या जेडच्या प्रक्रियेतील) सूचक एजंट स्निफरकडे पाठवतो आणि ही प्रतही संदेश म्हणूनच जाते. म्हणजे ज्या तुटपुंज्या प्रोसेसरवर आणि जोडणीवर नजर ठेवायची, त्यांच्यावरच पाळतीचा बोजा पडतो. स्निफर दुसऱ्या यंत्रावरील कंटेनरमध्ये चालवल्यास चित्र रंगवण्याचे काम तिकडे जाते, पण प्रती काढण्याचे काम मूळ जागीच राहते. संदेशप्रकारांची चाळणीही लावता येते, मात्र तिच्याकडून चित्र सुटसुटीत होण्यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवू नये. खरी बचत मोजकेच एजंट निवडल्याने होते. (सर्व एजंट एकदम निवडण्याचा मोह मला एकदा झाला होता, त्यानंतर कालमर्यादा उलटलेली उत्तरे पाहून मी एजंटांनाच दोष देत बसलो.)

त्यामुळे दोष शोधताना स्निफर जरूर वापरावा, पण अखंड देखरेखीसाठी मी तो सुरू ठेवत नाही. तेथे प्रत्येक एजंटाने आपले संदेश स्वतः मोजून ठरावीक काळाने केवळ आकडा कळवणे बरेच स्वस्त पडते.