लॅसेडॉन : पोहण्याची एक ओळ आणि चॅलेंज रेटिंगचा घोळ

लॅसेडॉन म्हणजे पाण्यात राहणारा घूल (घूल म्हणजे माणसाचं मांस खाणारं चालतं-फिरतं प्रेत). डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात तो १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअल या राक्षसांच्या पुस्तकापासून आहे, पण त्याला स्वतःचं पान क्वचितच मिळालंय. घूलची माहिती संपता संपता त्याच्यावर एक-दोन वाक्यं येतात, बस्स. ३.५ आवृत्तीत तर जवळजवळ एवढंच लिहिलंय की हा घूलसारखाच, पोहण्याचा वेग ३० फूट, आणि सापडतो फक्त पाण्यात.

मी बरीच वर्षं डीएम (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट आणि राक्षस सांभाळणारी) म्हणून खेळ चालवते, आणि कमी लेव्हलच्या पार्टीसमोर (नवख्या पात्रांच्या गटासमोर) पाण्यातला अनडेड, म्हणजे मेलेला पण चालता-फिरता राक्षस, आणायचा असेल तर माझी पहिली पसंती यालाच असते. मात्र घूलचं चॅलेंज रेटिंग, म्हणजे राक्षस किती अवघड याचा आकडा, १ आहे म्हणून यालाही १ च धरून कोणी टेबलावर आणणार असेल, तर आधी हे वाचा.

मी पाचव्या आवृत्तीचे २०१४ चे नियम वापरते, त्यामुळे आकडे तिथलेच देते. साध्या घूलचा आर्मर क्लास (हल्ला लागायला फाशावर गाठायचा आकडा) १२ आणि हिट पॉइंट (जीव) २२. पंजाच्या फाशाला +४, सरासरी ७ डॅमेज, आणि पंजा लागला की डीसी १० चा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे काटकपणावर फासा टाकून किमान १० गाठायचे. तो हुकला तर एक मिनिट पॅरलाइज, म्हणजे अंग ताठ, हालचाल बंद. आपल्या दर टर्नच्या (पाळीच्या) शेवटी पुन्हा सेव्ह मिळतो. जमिनीवर हा मॉन्स्टर धोकादायक आहे, पण आवाक्यातला आहे.

आता याला पाण्यात उतरवा आणि पोहण्याचा वेग द्या. या आवृत्तीत पोहण्याचा वेग नसलेल्याला पाण्याखाली मेली (हातघाईच्या) हल्ल्यावर डिसअॅडव्हांटेज असतो. सुटका फक्त डॅगर, जॅव्हलिन, शॉर्टस्वोर्ड, स्पिअर आणि ट्रायडंट वापरणाऱ्यांची. म्हणजे पोहण्याच्या त्या एका ओळीने लॅसेडॉन नुसता वेगवान होत नाही, त्याचे पंजे आणि दातही पूर्ण ताकदीने चालतात. समोर फायटर लाँगस्वोर्ड घेऊन दोन-दोन फासे टाकतोय आणि त्यातला लहान आकडा घेतोय. लाँगबोवाल्याला नेहमीच्या रेंजमध्येही डिसअॅडव्हांटेज, त्यापलीकडे तर बाण लागतच नाही. पूर्ण पाण्यात असलेल्या प्रत्येकाला आगीपासून रेझिस्टन्स (निम्मं नुकसान) मिळतो, म्हणजे विझार्डचा फायर बोल्ट हा आगीचा मंत्रही अर्ध्यावर आला. यातलं काहीही लॅसेडॉनच्या स्टॅट ब्लॉकमध्ये (आकड्यांच्या चौकटीत) लिहिलेलं नाही. त्याला हे सगळं पाण्याच्या नियमांतून आयतं मिळतं, आणि म्हणूनच मला हा मॉन्स्टर इतका आवडतो. डीएमला नवीन काही पाठ करावं लागत नाही. प्लेअरला मात्र आपली रोजची सवय बाजूला ठेवून विचार करावा लागतो.

त्यात पॅरलाइज झालेल्यावर पाच फुटांच्या आतून लागलेला प्रत्येक हल्ला क्रिटिकल असतो, म्हणजे डॅमेजचे फासे दुप्पट. घूलचा चावा एरवी २डी६+२ (सहा बाजूंचे दोन फासे अधिक २), क्रिटिकलला ४डी६+२, सरासरी १६. पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे एवढे हिट पॉइंट नसतात. दुसऱ्या लेव्हललाही बहुतेक नसतात.

या मॉन्स्टरमधली सर्वात सुंदर गोष्ट म्हणजे एल्फ, प्लेअरला निवडता येणारा परीसारखा एक वंश. घूलच्या पंजाने एल्फ पॅरलाइज होत नाहीत. जमिनीवरच्या लढाईत ही गोष्ट कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण मारामारी तशीही उरकते. पाण्याखाली तिच्यामुळे अख्खा प्रसंग बदलतो. आमच्या टेबलावर बुडालेल्या देवळाच्या तळघरात, वीस फूट खोल पाण्यात विझार्ड ताठ झाला, पुढच्याच राउंडला (सगळ्यांची एकेक टर्न म्हणजे राउंड) फायटरही गेला, आणि रेंजर खेळणारी मुलगी एकदम म्हणाली, "ताई, थांब, मी एल्फ आहे ना?" मग तिने हिशोब मांडायला घेतला. वेग ३० फूट. कुणाला धरून ओढायचं तर वेग निम्मा, म्हणजे १५. पोहण्याचा वेग नाही, त्यामुळे पाच फुटांच्या प्रत्येक चौकोनाला दहा फूट खर्च. पहिल्या टर्नला अॅक्शन धरण्यात गेली, सरकणं झालं एकच चौकोन. दुसऱ्या टर्नला डॅश (दुप्पट सरकणं) घेतला आणि पंधरा फूट वर. दोन टर्नमध्ये एक माणूस पृष्ठभागावर. फायटर अजून खालीच. आणि लॅसेडॉन एका टर्नमध्ये ३० फूट पोहतो. टेबलावरचे सगळे पुढे वाकून तो हिशोब बघत होते. राक्षसाला मारायचं सोडून आधी कुणाला वर काढायचं यावर खरी चर्चा झाली, आणि असं खेळताना फार थोड्या मॉन्स्टरांमुळे होतं.

क्लेरिकबद्दल (पुजारी पात्राबद्दल) थोडक्यात. टर्न अनडेड (अनडेडना देवाच्या नावाने पळवून लावणं) इथे चालतं, पण टर्न झालेला लॅसेडॉन डॅश घेऊन साठ फूट लांब जातो आणि गढूळ पाण्यात दिसेनासा होतो. मिनिट संपलं की परत येतो. ते मिनिट म्हणजे पार्टीला मिळालेली संधी. तेवढ्यात पाण्याबाहेर पडायचं.

आता तक्रार, आणि ती गंभीर आहे. बुडण्याची भीती हा या मॉन्स्टरचा गाभा असायला हवा. पाचव्या आवृत्तीच्या नियमांत ती भीती कागदावर उरतच नाही. श्वास रोखता येतो एक मिनिट अधिक कॉन्स्टिट्यूशन मॉडिफायरइतकी (काटकपणाच्या गुणातून येणाऱ्या आकड्याइतकी) मिनिटं. मॉडिफायर शून्य असला तरी पूर्ण मिनिट, म्हणजे दहा राउंड. पॅरलाइज राहण्याची मर्यादाही तेवढीच. लढाई त्याच्या कितीतरी आधी संपते, त्यामुळे पुस्तकाप्रमाणे खेळलं तर तळाशी ताठ पडलेला माणूस जवळपास कधीच बुडत नाही. ३.५ मध्ये पॅरलाइजच्या व्याख्येतच स्पष्ट लिहिलं होतं की असा पोहणारा पोहू शकत नाही आणि बुडू शकतो. हे छोटंसं वाक्य डीएमच्या हाताशी होतं. पाचव्या आवृत्तीच्या व्याख्येत ते नाही, आणि मला त्याची उणीव दर वेळी जाणवते.

मी यावर एक टेबल नियम केलाय. बेसावध असताना, म्हणजे सरप्राइज होऊन जो पाण्याखाली ओढला गेला, त्याने श्वास भरून घेतलेलाच नाही. त्याचं गुदमरणं लगेच सुरू, मॉडिफायरइतके राउंड, किमान एक, आणि त्यानंतर शून्य हिट पॉइंट. हा नियम प्लेअरांना सेशनच्या आधी सांगायचाच. न सांगता लावला तर तो अन्याय आहे, आणि त्यांनी चिडणं रास्त आहे.

दुसरी उणीव डोक्याची. ३.५ च्या घूलचं इंटेलिजन्स १३ होतं, पाचव्या आवृत्तीत ते ७ वर आणलंय. पाण्यातल्या दबा धरणाऱ्या शिकाऱ्याला १३ च शोभतं. दोरी कापणं, नावेखाली चिकटून थांबणं, कंदील धरलेल्याला आधी ओढणं, हे सगळं मी त्याच्याकडून करून घेते आणि इंटेलिजन्सचा आकडा जुनाच ठेवते. घूल फीव्हरही नव्या आवृत्तीतून गेलाय. जुना नियम असा की चावलेल्याला रोग लागायचा, आणि त्या रोगाने मेलेला माणूस पुढच्या मध्यरात्री घूल म्हणून उठायचा. बुडालेल्या जहाजावर लॅसेडॉन आले कुठून, याचं उत्तर त्या नियमात आपोआप मिळायचं.

पाण्यातले इतर अनडेडही आहेत. २००४ च्या तिसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलमधला ड्राउन्ड स्वतःभोवतीच्या लोकांना कोरड्या जमिनीवरही बुडवतो, कल्पना जबरदस्त आहे, पण कमी लेव्हलच्या पार्टीपुढे तो आणता येत नाही. २०१९ च्या घोस्ट्स ऑफ सॉल्टमार्शमध्येही बुडून मेलेल्यांचे प्रकार आहेत, आणि सगळी मोहीमच समुद्रावर असेल तर ते घ्या. एका गुहेपुरता, एका विहिरीपुरता मॉन्स्टर हवा असेल तर लॅसेडॉनच बरा.

खर्चाचा प्रश्नच येत नाही. ३.५ च्या एसआरडीमध्ये (नियमांच्या मोफत दस्तऐवजात) लॅसेडॉन आहे. एसआरडी ५.१ मध्ये घूल आहे आणि जानेवारी २०२३ पासून ते दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुलं आहे. तिथला घूल उचला, पोहण्याचा वेग ३० लिहा, झालं.

माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक गुण बुडण्याच्या नियमाचा. पहिल्या लेव्हलला आणूच नका. दुसऱ्या-तिसऱ्या लेव्हलच्या चार जणांच्या पार्टीला दोन लॅसेडॉन पुष्कळ झाले, आणि पहिल्यांदा वापरत असाल तर पाणी दहा फुटांपेक्षा खोल ठेवू नका. पार्टीत एकही एल्फ नसेल तर एकच आणा.