दूध उत्पादकांच्या मालकीचा छोटा प्रक्रिया प्लांट: दहा महिन्यांच्या वापरानंतर

प्लांटमध्ये काय आहे ते आधी. 1000 लिटरचा बल्क कूलर (दूध गार करून ठेवायची टाकी), 500 लिटरचा बॅच पाश्चरायझर (दूध तापवून जंतू मारायची टाकी), लाकडावरचा छोटा बॉयलर, पनीरचा प्रेस आणि एक उभं पाऊच मशीन. मालक म्हणजे रोज दूध घालणारे सभासदच. गाय-म्हैस मिळून सरासरी 800 लिटर दूध येतं. एक पावसाळा, एक हिवाळा आणि बराचसा उन्हाळा पाहून झाल्यावर हे लिहितोय. अनेक गावांतून चौकशी होते आणि बहुतेक जण पहिल्यांदा पाश्चरायझरची किंमत विचारतात. खरं तर प्लांट तरतो तो थंड करण्यावर आणि धुण्यावर.

बल्क कूलर घेताना लिटर पाहू नका, पाटीवरचा वर्ग पाहा. ‘बी’ वर्गाचा कूलर 32 अंश हवेला तपासलेला असतो, ‘ए’ वर्गाचा 38 अंशांना. एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये पारा 40 च्या पुढे जातो. तिथे ‘बी’ वर्गाचा कॉम्प्रेसर तासन् तास चालतो, शेवटी ट्रिप होतो आणि दूध 12-14 अंशांवर अडकतं. कंडेन्सर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, भिंतीला चिकटवून बसवला तर हाल आणखी वाढतात, त्याला मागून मोकळी हवा लागतेच. शेजारी कडबाकुट्टी असेल तर पंधरा दिवसांत जाळीवर भुशाचा गालिचा बसतो. दर आठवड्याला मऊ ब्रशने झाडा. वाकलेल्या पात्या बोटाने सरळ करू नका, त्यासाठी कंगवा मिळतो.

दुसरं, सकाळचं कोमट दूध रात्रीच्या गार दुधात थेट ओतलं की काय होतं? 400 लिटर 4 अंशांचं आणि 400 लिटर 35 अंशांचं, म्हणजे मिश्रण साडेएकोणीस अंशांवर. रात्रभर जपलेलं दूध पुन्हा जंतूंच्या सोयीच्या तापमानात येतं. विहिरीचं पाणी 25-26 अंश असेल तर आधी एक प्लेट कूलर (त्या पाण्याने दूध गार करणारं यंत्र) बसवा, दूध 28-29 अंशांवर उतरूनच टाकीत पडतं. कॉम्प्रेसरचा ताण तेवढाच हलका होतो. आणि दूध टाकीतल्या ढवळायच्या पंख्याला (ॲजिटेटरला) लागेपर्यंत कूलिंग सुरू करू नका. तळाशी दूध गोठतं, मलईचे गोळे होतात आणि मग नमुन्यात फॅट कमी दिसतं.

फॅटवरून होणारी भांडणं बरीचशी इथूनच निघतात. सभासद म्हणतात मशीन चोरतं, चालवणारा म्हणतो दूधच पातळ. फॅट मोजायचं अल्ट्रासोनिक मशीन फेसाळ दुधात चुकतं, गार दुधात चुकतं आणि गाय-म्हशीची सेटिंग अदलाबदल झाली तर हमखास चुकतं. म्हणून आठवड्यातून एकदा सभासदांसमोर गर्बर पद्धतीने पडताळणी करावी: 10 मिली सल्फ्युरिक ॲसिड, 10.75 मिली दूध, 1 मिली अमाइल अल्कोहोल, सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला 1100 फेऱ्यांवर 4-5 मिनिटं, मग 65 अंशांच्या पाण्यात ठेवून वाचन. ॲसिड आधी, दूध मागून, ब्युटिरोमीटरच्या (फॅट मोजायच्या काचेच्या नळीच्या) कडेने सावकाश. फरक 0.1 च्या वर गेला की मशीन कॅलिब्रेट करा आणि वहीत तारीख टाका. ही वही टेबलावर उघडी राहू द्या. संस्थेवरचा विश्वास त्या वहीवर उभा असतो.

बॅच पाश्चरायझर सोपा आहे: 63 अंश, 30 मिनिटं. दोन ठिकाणी मात्र फसवतो. पहिली जागा फेसाची. दूध 63 ला असतं, वरचा फेस 55 ला, आणि त्या फेसातले जंतू जिवंत राहतात. झाकण बंद ठेवून वरच्या हवेत थोडी वाफ सोडावी, तिथलं तापमान दुधापेक्षा 3 अंश जास्त हवं. त्यासाठी वेगळा थर्मामीटर लागतो आणि स्वस्त टाकीला तो नसतो. दुसरी जागा खालच्या व्हॉल्व्हची. टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्यात वितभर नळी असेल तर तिथलं दूध तापतच नाही. बॅच सोडताना हे कच्चं दूध आधी बाहेर येऊन सगळ्यात मिसळतं. पाऊच दुसऱ्या दिवशी आंबट निघाले तर पहिला संशय इथेच घ्या. व्हॉल्व्ह टाकीच्या तळाला भिडलेलाच मागा.

तापवायला पाऊण-एक तास, धरायला अर्धा तास, पण 4 अंशांवर उतरवायला दीड तासाच्या वर. विक्रेता हा वेळ सांगत नाही. दोन बॅच म्हणजे किमान साडेपाच-सहा तास, धुणं वेगळं.

धुण्याचा क्रम मोडू नका. आधी 35-40 अंशांचं साधं पाणी. थेट उकळतं ओतलं की दुधातलं प्रथिन पत्र्यावर भाजून बसतं. मग 1 टक्का कॉस्टिक सोडा 75 अंशांना 15 मिनिटं, पुन्हा पाणी, मग अर्धा ते एक टक्का नायट्रिक ॲसिड 60-65 अंशांना, शेवटी भरपूर पाणी. कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. बोअरचं जड पाणी असेल तर ॲसिड टाळून चालत नाही. आतल्या पत्र्यावर नख फिरवा, खरखरीत लागलं तर दुग्धखडा (दूध आणि क्षारांचा कडक थर) धरलाय. त्याची दुसरी खूण म्हणजे पन्नास मिनिटांत तापणारी बॅच हळूहळू सत्तरवर जाते आणि लाकूड वाढतं. क्लोरीनचं पाणी रात्रभर टाकीत ठेवू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि ते भरून निघत नाहीत.

पैसा पनीरमध्ये आहे. म्हशीचं 100 लिटर दूध 85-90 पर्यंत तापवून 70 ला आणायचं, 200 ग्रॅम सायट्रिक ॲसिड 20 लिटर गरम पाण्यात विरघळवून बारीक धारेने सोडायचं. पाणी हिरवट-पिवळं नितळ झालं की हात थांबवा. पांढुरकं राहिलं तर माल पाण्यात जातोय. नितळ झाल्यावरही ओतत राहिलात तर पनीर भुसभुशीत होतं. 45 किलो वजनाखाली 15 मिनिटं, मग 4-5 अंशांच्या पाण्यात दोन तास. 20 किलोच्या आसपास पनीर निघतं, गाईच्या दुधाचं 16-17.

उरलेलं 100 लिटरच्या आसपास निवळीचं पाणी ही खरी डोकेदुखी. नाल्यात सोडलं तर दोन दिवसांत गाव प्लांटवर येतं, आणि रास्त येतं. ताजं असताना सभासदांनी रिकाम्या कॅनमधून जनावरांसाठी परत न्यावं, थोड्यापासून सुरुवात करून. आंबट पाणी सिमेंटही खातं. प्रेसखालची फरशी सहा महिन्यांत उकरली गेली, वाळू हाताला लागायला लागली. तेवढी जागा सुरुवातीलाच ॲसिडरोधक टाइल आणि इपॉक्सीच्या सांध्यांची करा, उतारासकट.

पाऊच मशीन पहिल्या वर्षी घेऊ नका, हे स्पष्टच सांगतो. व्होल्टेज पडलं की सील कच्चं, टेफ्लॉन पट्टी जळली की गळती, आणि छापील फिल्मचे रोल एकदम बरेच घ्यावे लागतात. हॉटेलांना कॅनने दूध आणि पनीर एवढ्यावर प्लांट चालतो.

पैशाचा ताण मशीनपेक्षा अवघड. 800 लिटर, सरासरी 40 रुपये, म्हणजे रोज 32,000. सभासदाला दर दहा दिवसांनी बिल, हॉटेलवाला महिन्याने देणार. 30 दिवसांचे 9,60,000 खेळते हवेत, मशिनरीच्या कर्जाबाहेर. हे न धरता सुरू झालेली संस्था तिसऱ्या बिलाला अडखळते.

आणि उन्हाळा. म्हशी आटतात, खासगी टँकर लिटरमागे दोन रुपये जास्त देतो आणि मालकच आपल्या प्लांटला दूध घालत नाहीत. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, घरखर्च त्यांनाही आहे. दिवाळीचा फरक (वर्षभर घातलेल्या दुधावर मिळणारी वाढीव रक्कम) वाटताना मार्च ते जूनचं लिटर दीडपट धरायचा नियम पोटनियमांसोबत पहिल्याच सभेत करून घ्या. आमच्याकडे तो ऐन एप्रिलमध्ये झाला, त्यामुळे या उन्हाळ्यात दुसरी बॅच बरेच दिवस निम्मीच भरली.

सुट्या भागांत कपाटात ठेवायचं ते इतकंच: व्हॉल्व्हची दोन गॅस्केटं, ॲजिटेटरचं सील, थर्मामीटरचा एक सेन्सर, फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) आणि कॉम्प्रेसरचा कॅपॅसिटर. बिघाड रविवारी होतो आणि तालुक्याचं दुकान सोमवारी उघडतं.