सहा महिने कम्युनिकेशन स्किल्सचा क्लास केला, त्याचा अनुभव

जुलै ते डिसेंबर नागपुरात झाशी राणी चौकाजवळच्या एका क्लासला जात होतो. शनिवार-रविवार दोन-दोन तास, फी ९,००० रुपये. लोकमान्य नगरहून मेट्रो थेट आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा त्रास नव्हता. मी इलेक्ट्रिकलच्या फायनल इयरला आहे, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, हिंगणा रोडवर खोली करून राहतो. माझ्यासारखी मुलं इथं खूप आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिले दोन महिने वाया गेले. बॅचमध्ये चाळीस जण आणि सेल्फ इंट्रोडक्शनचा एकच छापील नमुना. 'हार्डवर्किंग, क्विक लर्नर' सगळ्यांच्या तोंडी. एक अख्खा रविवार व्ही आणि डब्ल्यूच्या उच्चारांवर गेला. बॅच बदलून मागितली तर मिळाली नाही, फीही परत नाही. त्याचा राग अजून आहे.

सप्टेंबरमध्ये दुसऱ्या मॅडम आल्या. त्यांनी पहिलंच काम दिलं: तुमचा प्रोजेक्ट इंजिनीअर नसलेल्या माणसाला त्याच्या भाषेत समजावा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे डीपीतल्या (गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरमधल्या) तेलाचं तापमान मोजून, ते मर्यादेबाहेर गेलं की मेसेज पाठवणारं युनिट. घरमालकीण काकू मेथी निवडत होत्या, त्यांच्यासमोर बसलो आणि सेन्सर, मायक्रोकंट्रोलर, थ्रेशोल्ड असं सुरू केलं. काकूंनी ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "ते सगळं ठीक हाय बापू, पन उन्हायात आमची लाइन काऊन जाते ते सांग ना."

मग तिथून धरलं. डीपीत ११,००० व्होल्टची वीज ४३३ व्होल्टवर उतरते. तेव्हा आतलं वाइंडिंग, म्हणजे तारेची गुंडाळी, तापतं. तेल ती उष्णता टाकीच्या पत्र्यापर्यंत आणतं आणि तिथून ती हवेत जाते. मे महिन्यात नागपूरची हवाच पंचेचाळीस अंशांवर, त्यात गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू. लोड वाढलेला आणि बाहेरची हवाही गरम, म्हणून तेल तापत जातं, आणि वाइंडिंगवरचा इन्सुलेशनचा कागद कमजोर होऊन शेवटी डीपी जळते. काकूंनी विचारलं, "मंग तुमचं यंत्र डीपी जळायच्या आधीच सांगते का?" जानेवारीतल्या प्रेझेंटेशनची सुरुवात मी याच प्रश्नाने केली, इंग्रजीत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मध्येच न थांबवता सगळं ऐकलं.

काकूंसमोरचं ते रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा चार मिनिटांत 'बेसिकली' २३ वेळा आलं होतं. १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टोस्टमास्टर्सच्या, म्हणजे भाषणाचा सराव करणाऱ्यांच्या, क्लबांत असे शब्द मोजायला एक माणूस नेमतात; वेळेसाठी हिरवा, पिवळा, लाल इशारा असतो. मॅडमनी दोन्ही आमच्याकडे लावलं. डिसेंबरात माझा आकडा चारवर आला.

इंटरव्ह्यूसाठी स्टार पद्धत शिकवली: सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट. टाकीवर चिकटवलेला सेन्सर उष्णतेने सुटून पडला आणि आम्ही क्लॅम्प बसवला, हा प्रसंग त्यात नीट बसला. टेक्निकल राउंडला त्याच्यावरच दहा मिनिटं बोललो. ग्रुप डिस्कशन मात्र सुधारलं नाही. चाळीस जणांत एकेकाची पाळी महिन्यातून एकदा यायची, एवढ्यात काय होणार.

नाव घालण्याआधी बॅच किती जणांची आहे आणि शिकवणारं माणूस शेवटपर्यंत तेच राहणार का, हे विचारा. डेमोला नका जाऊ, चालू बॅचमध्ये एक दिवस बसू देतात का ते बघा.