एकोणतीस इंची चाकासाठी गिअरची निवड : शिमानो डिओर ११-५१ कॅसेट आणि ३० दाती चेनरिंगचे परीक्षण

एकोणतीस इंची चाकांची माउंटन बाइक घेणारे बहुतेकजण फ्रेम, सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक यांची बारकाईने चौकशी करतात. पुढच्या चेनरिंगला, म्हणजे पेडलजवळच्या दातेरी चकतीला, दात किती आणि मागच्या कॅसेटमधली, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्र्यांच्या संचातली, सर्वांत मोठी चक्री किती दातांची, हे मात्र पहिला खडा चढ लागेपर्यंत विचारत नाहीत. येथे ज्या संचाचे परीक्षण केले आहे तो शिमानोने २०२० साली बाजारात आणलेल्या डिओर एम५१०० मालिकेतला आहे. त्यात ११ ते ५१ दातांची अकरा चक्र्यांची कॅसेट, त्याच मालिकेतला मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) व शिफ्टर (हँडलवरचा गिअर बदलण्याचा खटका) आणि पुढे ३० दातांची एकच चेनरिंग आहे. सायकल ॲल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली, टायर २९ बाय २.२ मापाचे, आणि वापर म्हणजे सिंहगड, बोपदेव यांसारखे पुण्याजवळचे घाट, वेल्ह्याकडचे कच्चे रस्ते आणि अधूनमधून साताऱ्याहून यवतेश्वरमार्गे कासचे पठार. सह्याद्रीत फिरणाऱ्या हौशी सायकलस्वारासाठी हा संच मला योग्य वाटतो, मात्र दुकानात सहसा पुढे केली जाणारी ३२ दाती चेनरिंग न घेता ३० दातीच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

या आग्रहामागचे गणित साधे आहे. २६ इंची चाकावर २.१ इंच रुंदीचा टायर असेल तर त्याचा परीघ सुमारे २.०७ मीटर भरतो. २९ इंची चाकावर २.२ इंच रुंदीचा टायर असेल तर तो सुमारे २.३० मीटर होतो. म्हणजे गिअर तेच ठेवून केवळ चाक बदलले, तरी पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला सायकल अकरा टक्के जास्त अंतर कापते आणि चढावर पायांवर येणारा भारही त्याच प्रमाणात वाढतो. सपाटीवर ही वाढ जाणवतही नाही, उलट मोठे चाक खड्ड्यांवरून आणि मुरुमावरून सहज जात असल्यामुळे सायकल हलकी झाल्यासारखी वाटते. चढावर मात्र हिशेब चुकवावाच लागतो. २६ इंची सायकलवर ३२ दाती चेनरिंग लावून जो चढ जमत होता, तोच चढ २९ इंचीवर मागची तीच चक्री ठेवून तितक्याच ताकदीत चढायचा असेल, तर पुढे जवळपास २९ दात हवेत; आणि चेनरिंग सहसा सम दातांच्या मिळत असल्याने निवड २८ किंवा ३० यांत करावी लागते.

गिअर तपासताना मी पुढच्या दातांना मागच्या दातांनी भागून त्याला चाकाच्या परिघाने गुणतो. पेडलच्या एका पूर्ण फेऱ्यात सायकल किती मीटर पुढे जाईल ते त्यातून कळते, आणि चाकाचे माप कोणतेही असले तरी दोन सायकलींची तुलना प्रामाणिकपणे करता येते. तीन चेनरिंगच्या जुन्या २६ इंची सायकलींवर सर्वांत हलका गिअर बहुधा पुढे २२ आणि मागे ३४ असा असे. त्यात एका फेऱ्याला सुमारे १.३४ मीटर अंतर पडते. डोंगरात फिरणाऱ्यांच्या एका पिढीने याच गिअरवर भरवसा ठेवला होता. आता २९ इंची चाकावर पुढे ३० आणि मागे ५१ दात घेतले, तर उत्तर येते १.३५ मीटर. ताटलीएवढी दिसणारी ती ५१ दाती चक्री पाहून अनेकांना ती नवशिक्यांसाठी केलेली सवलत वाटते, परंतु मोठ्या चाकाने खाल्लेला गिअर परत मिळवण्यापलीकडे ती काही करत नाही. पुढे ३२ दात घेतले की हेच अंतर १.४४ मीटर होते, म्हणजे हाताशी असलेला सर्वांत हलका गिअरसुद्धा जुन्या सायकलीपेक्षा सात टक्क्यांहून अधिक जड राहतो.

प्रत्यक्ष चढावर याचा अर्थ काय होतो, ते वॉटच्या भाषेत पाहणे उपयोगाचे आहे. सायकल, स्वार, पाणी आणि पाठपिशवी मिळून ९२ किलो वजन धरले आणि चढ दहा टक्क्यांचा धरला, तर केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध, मिनिटाला पेडलचे ६० फेरे राखण्यासाठी ३०-५१ या गिअरमध्ये साधारण १२० वॉट लागतात आणि वेग ताशी पाच किलोमीटरच्या किंचित खाली राहतो. ११-४२ कॅसेटवर पुढे ३२ दात असतील, तर तेच फेरे राखायला सुमारे १५७ वॉट लागतात आणि वेग ६.३ किलोमीटर होतो. टायरचे घर्षण आणि सैल खडी यांत अजून धरलेली नाही. दीडशे-पावणेदोनशे वॉट काही मिनिटे देणे बऱ्याच जणांना जमते, तासभर देणे मात्र सगळ्यांना जमत नाही. ज्यांना जमत नाही ते पेडलचे फेरे कमी करतात, मिनिटाला ४० फेऱ्यांवर येतात, प्रत्येक दाबाला जोर वाढतो, गुडघे बोलू लागतात, आणि कच्च्या रस्त्यावर त्या झटक्यांमुळे मागचे चाक जागेवर फिरून पाय खाली टेकावा लागतो. सिंहगडाच्या डांबरी घाटात, जिथे चढ सरासरीने दहा टक्क्यांच्या आतच आहे, ही उणीव उभे राहून पेडल मारून झाकता येते. सैल मुरुमाच्या चढावर उभे राहिले की मागच्या चाकावरचे वजन कमी होते आणि पकड सुटते, त्यामुळे तिथे बसूनच चढावे लागते आणि बसून चढायला हलका गिअर अपरिहार्य असतो.

याच कसोटीवर आपल्याकडच्या दुकानांतल्या कमी किमतीच्या २९ इंची सायकली तपासल्या, तर चित्र निराशाजनक आहे. त्यांतल्या अनेकींवर पुढे ४२-३४-२४ दातांच्या तीन चेनरिंग आणि मागे १४ ते २८ दातांचे सात चक्र्यांचे फ्रीव्हील (कॅसेटऐवजी हबवर स्क्रूने बसणारा चक्र्यांचा संच) असते. ‘एकवीस गिअर’ हा आकडा भारदस्त असला तरी त्यातला सर्वांत हलका गिअर एका फेऱ्याला १.९७ मीटर जातो, म्हणजे त्याच दहा टक्क्यांच्या चढावर सुमारे १७७ वॉट मागतो. गिअरची संख्या आणि गिअरचा पल्ला यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे विक्रेत्यांनी ग्राहकाला सांगायला हवे. ते सांगत नाहीत, कारण ग्राहकही आकडाच विचारतो.

३० दाती चेनरिंगवर घेतला जाणारा नेहमीचा आक्षेप असा की सपाटीवर आणि उतारावर वेग कमी पडतो. हा आक्षेप खोटा नाही, पण तो मोजून पाहावा. ३०-११ या सर्वांत जड गिअरमध्ये मिनिटाला ९० फेरे मारले की वेग ताशी ३४ किलोमीटर होतो. ३२ दाती चेनरिंगवर तो ३६ होतो. एवढाच काय तो फरक. ताशी ३४ किलोमीटरच्या पुढे जाड, गुठळ्यांच्या टायरांची माउंटन बाइक घेऊन सपाटीवर सतत पळणारे स्वार विरळा, आणि घाटउतारावर तो वेग पेडल न मारताही येतो. दुसरे असे की वरच्या टोकाला गिअर कमी पडला तर पाय क्षणभर थांबवून सायकल पळू देता येते. खालच्या टोकाला कमी पडला तर उतरून ढकलण्याशिवाय इलाज नसतो. दोन दातांची ही अदलाबदल करताना दोन टोकांच्या किमती सारख्या नाहीत, हे ध्यानात घेतले तर निवड अवघड राहत नाही. महामार्गावर रोड बाइकवाल्यांच्या गटाबरोबर नियमित जाणाऱ्यांनी मात्र ३२, किंवा पायात जोर असेल तर ३४ दाती चेनरिंग घ्यावी, पण ती घेण्यापूर्वी फ्रेमच्या मागच्या दांड्याला ती घासणार नाही ना, हे पाहावे.

कॅसेटच्या पायऱ्या ११, १३, १५, १८, २१, २४, २८, ३३, ३९, ४५ आणि ५१ अशा आहेत. सर्वांत मोठ्या तीन चक्र्यांची आखणी मला विशेष आवडली: ३९ वरून ४५ ही पंधरा टक्क्यांची आणि ४५ वरून ५१ ही तेरा टक्क्यांची उडी आहे, त्यामुळे दमलेल्या पायांना शेवटचा गिअर लावताना पेडल एकदम पोकळ पडत नाही. याच कुटुंबातल्या दहा चक्र्यांच्या ११-४६ कॅसेटमध्ये ३७ वरून थेट ४६ वर, म्हणजे चोवीस टक्के, उडी घ्यावी लागते आणि चढाच्या मध्यावर लय मोडते. ११-५१ ची खोट छोट्या चक्र्यांच्या बाजूला आहे. १५ आणि १८ यांच्यामध्ये वीस टक्क्यांचे अंतर आहे, आणि ३० दाती चेनरिंगवर ताशी २२ किलोमीटरच्या सुमारास, समोरून वारा असताना, नेमका हाच सांधा आडवा येतो. एका चक्रीवर पेडलचे ८० फेरे पडतात, दुसरीवर ९६. मधला सोयीचा ताल मिळतच नाही. पठारावरच्या मोकळ्या रस्त्यावर हे जाणवते. चढ-उतारांच्या कच्च्या वाटेवर त्याचा विसर पडतो.

हा सांधा डिओरच्याच बारा चक्र्यांच्या एम६१०० मालिकेत पुष्कळसा भरून निघतो, कारण तिथे १०, १२, १४, १६, १८ अशा दोन-दोन दातांच्या पायऱ्या आहेत. शिवाय बारा चक्र्यांच्या त्या संचात हायपरग्लाइड प्लस ही रचना असल्यामुळे पायाचा जोर चालू असतानाही गिअर बऱ्यापैकी गुळगुळीत बदलतो. अकरा चक्र्यांच्या संचात मोठ्या चक्रीवर जाताना जोर किंचित ढिला करण्याची सवय ठेवावी लागते, नाहीतर चेन कर्कश तक्रार करते. मग बारा चक्र्यांचाच संच का घेऊ नये? अडचण हबची आहे. दहा दाती चक्रीसाठी शिमानोचा मायक्रो स्प्लाइन फ्रीहब (हबचा कॅसेट बसवायचा भाग) लागतो, जो जुन्या सायकलींवर नसतो, म्हणजे नवा हब किंवा सरळ नवे मागचे चाक घेणे आले. एम५१०० ची कॅसेट मात्र आठ, नऊ किंवा दहा चक्र्यांच्या जुन्या, शिमानोच्याच एचजी पद्धतीच्या फ्रीहबवर तशीच बसते. ज्याच्याकडे चांगले चाक आधीपासून आहे आणि ज्याला फक्त गिअर सुधारायचे आहेत, त्याच्यासाठी हा एकच मुद्दा निर्णायक ठरतो. मागे स्क्रूने बसणारे फ्रीव्हील असेल तर हा मार्गही बंद आहे, आणि ते दुकानात जाण्यापूर्वीच तपासून घ्यावे.

दोन चेनरिंगचा पर्यायही एम५१०० मालिकेत आहे: पुढे ३६-२६, मागे ११-४२. एकूण पल्ल्यात तो एकेरी चेनरिंगच्या पुढे आहे, आणि पायऱ्याही एकमेकींच्या जवळ आहेत. सामान लादून किनाऱ्याने कोकण फिरणाऱ्याला मी तोच सुचवेन. परंतु त्याचा सर्वांत हलका गिअर १.४२ मीटरचा आहे, म्हणजे ३०-५१ पेक्षा जडच. शिवाय २९ इंची सायकलवर मागचे चाक सीटखालच्या नळीच्या इतके जवळ येते की पुढच्या डिरेलरसाठी जागा काढताना फ्रेम लांबवावी लागते, आणि पावसाळ्यातला तांबडा चिखल नेमका त्याच कोपऱ्यात जाऊन बसतो. पुढचा डिरेलर काढून टाकल्यावर एवढी स्वच्छता किती सुखाची असते, ते जुलै महिन्यात कळते.

जोडणीबाबत थोडे काटेकोर राहावे लागते. ५१ दाती चक्रीखाली काम करणाऱ्या डिरेलरला हँगरचा, म्हणजे तो फ्रेमला ज्या पट्टीवर बसतो तिचा, थोडासाही वाक चालत नाही, म्हणून सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर गिअरची तार आवळत बसण्याआधी हँगर सरळ करून घ्यावा. वरची छोटी पुली आणि मोठी चक्री यांच्यातले अंतर नीट राखले नाही तर शेवटचा गिअर कुरकुरतो. डिरेलरचा पिंजरा लांब असला तरी २९ इंची चाकाचा आस जमिनीपासून उंच असल्यामुळे तो दगडांना सहसा लागत नाही, हा मोठ्या चाकाचा न मागता मिळालेला फायदा. डिरेलरवरचा क्लच, म्हणजे चेन ताणून धरणारी रचना, चालू ठेवला की खडबडीत उतारावर चेन उसळत नाही. चाक काढताना तो बंद करण्याची आठवण मात्र ठेवावी. सर्वांत मोठ्या चक्रीवर असताना पेडल उलटे फिरवले तर चेन खालच्या चक्रीवर घसरू शकते, परंतु एकेरी चेनरिंगच्या बहुतेक रचनांत हा धोका थोडाफार असतोच, कारण तिथे चेन सर्वांत तिरकी धावते.

वजन हा या कॅसेटचा उघड दोष आहे. ती सहाशे ग्रॅमच्या पुढे भरते, आणि तेही मागच्या चाकावर. शर्यतीत उतरणाऱ्याला ते खटकेल, आठवड्याला एखादा घाट करणाऱ्याला खटकू नये. सुट्या भागांचे म्हणाल तर अकरा गिअरची चेन मोठ्या शहरात मिळते, तालुक्याच्या गावी ती मिळेल असे गृहीत धरू नये. म्हणून पिशवीत अकराच्याच मापाची एक जोडकडी असावी. छोटी चेनरिंग मोठीपेक्षा लवकर झिजते, तेव्हा चेन ताणली गेली आहे का ते मापपट्टीने वेळोवेळी तपासून चेन वेळीच बदलणे कॅसेट बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. आणि पुढे कधी ३० वरून ३४ दातांवर जाण्याचा विचार असेल, तर पहिल्या जोडणीच्या वेळी कापून उरलेल्या कड्या मेकॅनिककडून मागून घ्याव्यात, कारण त्या बदलाला चेन सुमारे दोन कड्यांनी लांब लागते.