काढणी यंत्र निवडताना: साखळीचा डिगर, कंपन फाळ, की पाला धरून उपटणारं यंत्र?

बटाट्याच्या वरंब्याचा एक मीटर तुकडा डोळ्यांसमोर आणा. ५५ सेंटिमीटर रुंदीचा फाळ १५ सेंटिमीटर खोल गेला, तर त्या मीटरभरात साधारण ८२ लिटर माती उचलली जाते, वजनाने जवळजवळ १०० किलो. दोन ओळींत ७५ सेंटिमीटर अंतर आणि हेक्टरी ३० टन उत्पन्न धरलं, तर त्याच मीटरभरात बटाटे निघतात सव्वादोन किलो. बाकी सगळी माती. ती उचलायची, फोडायची, चाळायची, परत खाली सोडायची आणि एवढं करताना सव्वादोन किलो मालाची साल शाबूत ठेवायची. काढणी यंत्राचं काम ते हेच.

यंत्र घ्यायला निघालेला माणूस आधी विचारतो, किती एचपीचा ट्रॅक्टर लागेल आणि दिवसात किती क्षेत्र उरकेल. मी सांगेन, त्याआधी दोन गोष्टी बघा: काढणीच्या दिवशी तुमची माती कशी असते आणि त्या दिवशी पिकाचा पाला कसा असतो. यंत्राचा प्रकार या दोन उत्तरांवरच ठरतो. हातात आधीच एखादा डिगर (कंद उकरून वर काढणारं यंत्र) असेल तर नवीन घेण्याआधी तो सुधारून बघण्यासारखा आहे का, हेही त्यातूनच कळतं.

साखळीचा डिगर

पुढे फाळ, त्यामागे लोखंडी दांड्यांची फिरती साखळी, आणि साखळीखाली तिला हिसके देणारे झटकारे. माती दांड्यांमधून गळते, कंद मागे जाऊन जमिनीवर ओळीत पडतात आणि माणसं ते वेचतात. बटाट्यासाठी जगभर सर्वांत जास्त चालणारी रचना हीच. पोयट्याच्या किंवा रेताड जमिनीत वाफसा असताना हिच्याइतकं स्वच्छ काम दुसरं यंत्र क्वचितच करतं.

या यंत्राबद्दल तक्रारी पुष्कळ ऐकू येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा यंत्रापेक्षा त्याच्या जुळणीच्या असतात. बटाट्याची साल निघते म्हणून मी सलग दोन हंगाम फाळालाच दोष देत होतो. फाळ बदलला, कोन बदलला, फरक शून्य. मग एकदा ओळीच्या मध्येच ट्रॅक्टर थांबवून, पीटीओ (ट्रॅक्टरमधून यंत्राला शक्ती देणारा फिरता दांडा) सोडून, इंजिन बंद करून साखळीवर काय आहे ते पाहिलं. साखळीच्या पहिल्या एक तृतीयांश भागातच माती संपलेली होती. पुढचे दोन तृतीयांश अंतर बटाटे उघड्या लोखंडावर नाचत येत होते.

माती ही कंदाची गादी आहे. ती साखळीच्या शेवटच्या टोकापर्यंत थोडी तरी उरली पाहिजे. त्यासाठी साखळीचा वेग ट्रॅक्टरच्या चालीइतकाच किंवा जेमतेम जास्त हवा. हे मोजायला उपकरण लागत नाही. साखळीच्या एका दांड्याला खडूने पांढरा पट्टा मारा, यंत्र उचलून नेहमीच्या फेऱ्यांवर चालवा, आणि बाजूला सुरक्षित अंतरावर उभं राहून तो पट्टा १० सेकंदांत किती वेळा समोरून जातो ते मोजा. साखळीची लांबी ३.२ मीटर असेल आणि पट्टा ५ वेळा गेला, तर वेग झाला सेकंदाला १.६ मीटर. शेतात ट्रॅक्टर १० मीटर जायला १२ सेकंद घेत असेल, तर त्याची चाल सेकंदाला ०.८३ मीटर. म्हणजे साखळी जवळजवळ दुप्पट पळते आहे. इंजिनाच्या फेऱ्या पाऊणपट केल्या की साखळी १.२ मीटरवर येते, आणि वरचा गिअर टाकून चाल १.१ मीटरच्या आसपास नेली की दोन्ही जुळतात. याला खर्च काहीच नाही, डिझेलही थोडं वाचतं.

त्यानंतर झटकारे. भुसभुशीत जमिनीत ते काढून टाका किंवा त्यांच्या जागी साधे गोल आधारचाक लावा. ढेकळाच्या जमिनीत ते लागतात, पण साखळीच्या पुढच्या भागात, जिथे अजून माती भरपूर आहे. मागच्या भागातला झटकारा फक्त कंद उडवतो. मग दांड्यांना रबरी आवरण. आवरणाने दांडा जाड होतो आणि फट कमी होते, त्यामुळे माती गळायला वेळ लागतो; साखळी मागवताना हे धरूनच फट ठरवा. मोकळी फट तुमच्या सर्वांत लहान विक्रीयोग्य कंदापेक्षा थोडी लहान असावी. शेवटी पडण्याची उंची. साखळीच्या मागच्या टोकापासून जमिनीपर्यंत १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल, तर मागचं टोक खाली आणा, नाहीतर रबरी पडदा लावून पडणं अडवा.

पण चिकण माती ओली असेल तर यातलं काहीच कामी येत नाही. ती दांड्यांवर लिंपून बसते आणि साखळीचा सलग पट्टा होतो. वाळलेल्या चिकण मातीत उलट बटाट्याएवढीच ढेकळं येतात, आणि बटाट्याएवढं ढेकूळ कुठलीच चाळणी वेगळं काढत नाही. काढणीच्या वेळी तुमची जमीन नेहमी या दोन टोकांतच असेल, तर पुढचं वाचा.

कंपन करणारा फाळ

इथे फाळ विक्षेपी कॅमने, म्हणजे मध्य सोडून बसवलेल्या फिरत्या चकतीने, मागेपुढे हलतो. मागे साखळीऐवजी बहुधा उघडे गज असतात, त्यावरून माती फुटत घसरते. ओढ, म्हणजे यंत्र पुढे खेचायला ट्रॅक्टरला लावावा लागणारा जोर, कमी लागते, हे याचं मोठं आकर्षण आणि ते खरं आहे, पण एका अटीवर. फाळाचा मागेपुढे होण्याचा कमाल वेग ट्रॅक्टरच्या चालीपेक्षा जास्त असला पाहिजे. फाळ सेकंदाला १० वेळा हलत असेल आणि मध्यापासून प्रत्येक बाजूला १ सेंटिमीटर जात असेल, तर त्याचा कमाल वेग भरतो सेकंदाला ०.६३ मीटर, ताशी सव्वादोन किलोमीटर. ट्रॅक्टर ताशी चार किलोमीटरने पळवला की फाळ मातीपासून क्षणभरही सुटत नाही, आणि कंपनाचा उपयोग ओढीपुरता संपतो. घाई असलेल्या माणसाने हे यंत्र घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगतो.

वाचलेली ओढ पीटीओवाटे खर्च होतेच, त्यामुळे एकूण शक्ती कमी लागेल असं गृहीत धरू नका. फायदा वेगळा आहे. हलक्या ट्रॅक्टरची चाकं घसरत नाहीत आणि लहान ट्रॅक्टरला खोल काम पेलतं. हळद, आलं, रताळं, कसावा अशा खोल किंवा पसरट कंदांना याचा उपयोग साखळीपेक्षा जास्त होतो, कारण मातीची जाड लादी न कापता ती खालूनच तडकवली जाते. आल्याचा गड्डा साखळीवर बोटं मोडून घेतो. इथे तो बराचसा अखंड वर येतो.

देखभाल मात्र जास्त. बेअरिंग आणि बुश झिजतात, बोल्ट सैल होतात. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी पाना घेऊन फिरा. शिवाय काही कंद अर्धे मातीतच राहतात, म्हणून वेचणाऱ्याला हाताने माती उकरावी लागते. मजूर मिळत नाहीत म्हणून यंत्र घेणाऱ्याचा प्रश्न यातून सुटत नाही.

पाला धरून उपटणारं यंत्र

गाजरासाठी याला तोड नाही. खालून एक अरुंद फाळ मुळाजवळची माती सैल करतो, वरून दोन रबरी पट्टे पाल्याला चिमटीत धरून तिरके वर नेतात, आणि वर पोचल्यावर पाती पाला कापून मूळ सोडतात. १०० किलो माती उचलण्याचा प्रश्नच इथे येत नाही. माती जागेवर राहते, मूळ तेवढं वर जातं. म्हणूनच चिकण जमिनीत आणि पावसाळी हवेत जिथे साखळी हात टेकते, तिथे हे चालत राहतं.

सगळी भिस्त पाल्यावर. करपा आला, थंडीने पाला बसला, किंवा तणांनी ओळ भरली, की पट्ट्यात मूळ येण्याऐवजी नुसती पानं येतात आणि गाजर जमिनीत राहतं. ओळी सरळ हव्यात, पेरणी यंत्रानेच केलेली हवी. म्हणजे हे यंत्र घ्यायचं तर निर्णय पेरणीआधीच घ्यावा लागतो आणि पानावरच्या रोगाची फवारणी शेवटपर्यंत सोडता येत नाही. बटाट्याला ते चालणार नाही, कारण साल पक्की व्हावी म्हणून काढणीच्या दोन-तीन आठवडे आधी आपण पालाच मारतो. रताळ्याच्या वेलाचं तर नावच नको. वेल आधी कापून बाजूला केला नाही तर कुठलंही यंत्र गुंडाळून बसतं.

सगळं एकातच करणारं यंत्र

काढणी, सफाई आणि ट्रॉलीत भरणी एकदम. वेचणीचे मजूर वाचतात, आणि मोठ्या क्षेत्रावर ते वाचणं निर्णायक असतं. पण प्रत्येक वाढीव पट्टा म्हणजे कंदाचं आणखी एक पडणं. ढेकळं आणि दगड यंत्रावरच वेगळे करायचे म्हणून क्ष-किरणांनी ओळखणारी यंत्रंही ब्रिटनमध्ये गेल्या शतकातच बनली. तरी त्याहून सोपा मार्ग तिथल्याच शेतकऱ्यांनी रुळवला. लागवडीआधीच वाफ्यातली माती चाळून दगड-ढेकळं दोन वाफ्यांमधल्या चरात पुरायची. काढणीची निम्मी सफाई लागवडीच्या दिवशी होते. हे पूर्वमशागतीचं यंत्र परवडत नसेल, तर दगडाळ जमिनीसाठी एकत्रित काढणी यंत्राचा विचार पुढे ढकला.

वजनही बघा. शुगरबीटची सहा ओळींची स्वयंचलित यंत्रं टाकी भरल्यावर ५० टनांच्या पुढे जातात. ओल्या जमिनीत त्या चाकांखाली बसलेली खोलवरची माती साध्या नांगराने मोकळी होत नाही. एवढी मोठी यंत्रं सगळ्यांना लागत नाहीत, पण भरलेल्या ट्रॉलीबाबतही हेच खरं आहे.

माल बघून यंत्र ओळखा

जुना डिगर सुधारायचा की टाकायचा, हे कंद सांगतात. तळाकडून सपाट काप असेल तर फाळ उथळ चालतो आहे. दोन-तीन सेंटिमीटर खोल करा. एकाच बाजूला काप असतील तर यंत्र ओळीच्या मध्यावर नाही. सालीचे तुकडे निघाले असतील तर साखळी उघडी पळते आहे, किंवा साल अजून कच्ची आहे. वरून निरोगी दिसणारा बटाटा एक-दोन दिवसांनी सोलल्यावर आत काळा-निळा निघाला, तर तो मार उंचावरून पडल्याचा आहे. हा शेवटचा दोष थंडीत वाढतो. बटाट्याच्या गराचं तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली असताना काढणी केली, तर तोच डिगर त्याच जुळणीवर जास्त काळे डाग देतो. सकाळची घाई दोन-तीन तास पुढे ढकलणं हा तिथे सगळ्यांत स्वस्त उपाय आहे.

मागे राहिलेला माल मोजायलाही शिका. यंत्र गेल्यावर तीन ठिकाणी एक-एक चौरस मीटर हाताने उकरा. प्रत्येक ठिकाणी १०० ग्रॅमचा एकच कंद सापडला, तर तो हेक्टरी एक टन होतो. हा आकडा पाहिल्यावर मी फाळाच्या खोलीवर कधी तडजोड केली नाही.

एक गोष्ट कुठल्याही प्रकाराला लागू. पीटीओ शाफ्टवरचं आवरण तुटलेलं असेल तर ते बदलेपर्यंत यंत्र शेतात नेऊ नका, आणि अडकलेला वेल किंवा दगड काढायला इंजिन बंद केल्याशिवाय हात घालू नका. जुनं यंत्र विकत घेताना मी सगळ्यांत आधी हे आवरण बघतो.

माझा कल विचाराल तर असा. बटाटा, मध्यम जमीन, वेचायला माणसं आहेत: साखळीचा डिगर, आणि आधीच असेल तर नवा घेण्याऐवजी वेग, झटकारे, रबर आणि पडण्याची उंची एवढं एका हंगामात दुरुस्त करा. हळद, आलं, कसावा आणि लहान ट्रॅक्टर: कंपन फाळ, हळू चालवण्याची तयारी असेल तरच. जड जमिनीतलं गाजर: पाला धरणारं यंत्र, पेरणीपासून आखणी करून. एकत्रित यंत्र मी त्यालाच सुचवेन ज्याच्या जमिनीत दगड-ढेकळं नाहीत किंवा जो ती लागवडीआधी काढतो.

तरीही मन डळमळत असेल तर विक्रेत्याला तुमच्याच शेतात, तुमच्या नेहमीच्या काढणीच्या ओलीत यंत्र चालवून दाखवायला सांगा. पहिली ओळ सोडून द्या, ती तो जपूनच चालवतो. तिसऱ्या-चौथ्या ओळीतले ५० कंद न निवडता उचला, रात्रभर उबदार आणि दमट जागी झाकून ठेवा म्हणजे आतले डाग लवकर वर येतात, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे सोलून मोजा.