नागपुरी लोखंडी कुलर: मे महिन्यात पैकीच्या पैकी, जूनमध्ये काठावर पास

होळी आटोपली की नागपुरात माळ्यावरचे कुलर खाली उतरतात आणि ज्यांना नवा घ्यायचा असतो त्यांच्या बर्डी, गांधीबाग, इतवारीच्या चकरा सुरू होतात. दुकानात समोर कंपनीचे प्लास्टिकचे देखणे कुलर मांडलेले असतात. आपला विषय त्यांच्या मागे उभा असतो: स्थानिक बनावटीचा, पत्र्याचा, तीन बाजूंना ताट्या (पाण्याने भिजत राहणारे जाळीचे पडदे) आणि पुढे 18 इंची पंखा असलेला डबा. दहा बाय बाराच्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या खोलीसाठी आमचं मत याच्याच बाजूने. दिसायला बोजड, आवाजही भरपूर. पण वारा फेकतो दणकून, आणि बिघडला तर गल्लीतला मिस्त्री तासाभरात चालू करून देतो.

दुकानदार ‘हेवी बॉडी’ म्हणेल. तुम्ही गेज विचारा. आकडा जितका कमी तितका पत्रा जाड, म्हणजे 24 गेज हा 26 पेक्षा चांगला. त्याहून महत्त्वाचा टाकीचा तळ, कारण गंज तिथूनच चढतो, कोपऱ्यातल्या जोडांपासून. आतून डांबर किंवा जाड रंगाचा हात मारलेला आहे का आणि पाणी सोडायला तळाशी बूच आहे का, हे वाकून बघा. मोटरचं वाइंडिंग तांब्याचं असेल तर तसं बिलावर लिहून घ्या. पातं हाताने फिरवून दांडा हलवून पाहा. खडखडला तर दुसरा नग मागा.

खरी परीक्षा ताट्यांची. 44 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता, म्हणजे मे महिन्यातली नेहमीची दुपार, अशा हवेत चांगल्या ओल्या ताटीतून येणारा वारा 27-28 अंशांपर्यंत उतरू शकतो. पण वुडवूल, म्हणजे ताटीत भरलेला लाकडाचा कीस, पाण्याने जड होऊन खाली बसतं आणि ताटीच्या वरच्या कडेला दोन-तीन बोटांची फट पडते. हवा नेहमी सोपी वाट धरते. त्या फटीतून कोरडी गरम हवा थेट आत शिरते आणि लोक म्हणतात, पंप बिघडला. उपाय साधा आहे: दर पंधरा दिवसांनी जाळी उघडून वरच्या भागात मूठभर वुडवूल भरायचं. खूप ठासून भरू नका, नाहीतर वाराच कमी होतो. ताटी उजेडासमोर धरली तर बारीक उजेड दिसावा, भोक दिसू नये. नवी ताटी आधी भिजवून पहिलं तांबूस पाणी फेकून दिलं की लाकडाचा वास बराच कमी होतो.

हनीकोंब (मधाच्या पोळ्यासारख्या कप्प्यांची तयार ताटी) घ्यायचं की वुडवूल? घरात पेंच-कन्हान नद्यांचं नळाचं पाणी असेल तर हनीकोंब खुशाल घ्या, नीट राखलं तर तीन-चार उन्हाळे निघतात. बोअरवेलच्या जड पाण्यावर मात्र त्याच्या कप्प्यांत पांढरा क्षार धरतो, वारा अडतो आणि महागाची वस्तू दुसऱ्याच वर्षी दगड होते. अशा घरात स्वस्त वुडवूल दरवर्षी बदलणं जास्त शहाणपणाचं. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच उरतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करायचीच.

पंप जळण्याची दोन कारणं ठरलेली: टाकी कोरडी पडणं आणि वुडवूलचे धागे जाळीत अडकणं. कडक उन्हात हा कुलर तासाला दहा ते वीस लिटर पाणी पितो, त्यामुळे रात्री टाकी भरून झोपलात तरी पहाटेआधी ती तळाला लागू शकते. नळाला फ्लोट वॉल्व्ह (पाणी उतरलं की आपोआप उघडणारा तरंगता व्हॉल्व्ह) लावून घ्या. पंपाभोवती नायलॉनची बारीक जाळी बांधा. पंखा लावण्याआधी दहा मिनिटं नुसता पंप चालवा. बंद करताना उलट: आधी पंप, मग ताट्या सुकेपर्यंत पंखा. कुबट वास येण्याचं मुख्य कारण हा क्रम न पाळणं हेच.

टाकीत बर्फ टाकण्याची हौस सोडा. एक किलो बर्फ वितळताना जितकी उष्णता शोषतो, त्याच्या सातपट एक लिटर पाणी वाफ होताना शोषतं.

आता लोखंडी कुलरचा सगळ्यात मोठा दोष: करंट. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय. विदर्भात दर उन्हाळ्यात कुलरचा शॉक लागून माणसं दगावतात. तीन पिनचाच प्लग, अर्थिंगची तार बॉडीला नटबोल्टने घट्ट आवळलेली आणि घराच्या बोर्डात 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज लगेच तोडणारा स्विच). यातलं काहीही कमी असेल तर हा कुलर घेऊच नका, प्लास्टिकचा बरा. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. मुलांना पत्र्याला हात लावू देऊ नका.

कुलर खिडकीबाहेर स्टँडवर, तोंड आत, आणि समोरच्या बाजूला कुलरच्या तोंडाएवढी तरी खिडकी किंवा दार उघडं. बंद खोलीत तो तासाभरात चिकचिक करून ठेवतो. समोरच्या खिडकीशी उदबत्ती धरा. धूर बाहेर ओढला गेला तर मांडणी बरोबर. पश्चिमेकडे कुलर असेल तर वर हिरवी जाळी ताणा, म्हणजे उन्हाकडची ताटी लवकर सुकत नाही. खर्चाचं म्हणाल तर पंखा आणि पंप मिळून साधारण 200 वॉट, म्हणजे दहा तासांना दोन युनिट.

नवतपा (मेअखेर सुरू होणारे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरतो, पहिल्या सरी पडतात आणि गुण भराभर कापले जातात. 34 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेत हाच कुलर हवा जेमतेम चार-साडेचार अंशांनी उतरवतो आणि ती जवळजवळ पाण्याने भरून टाकतो. घाम सुकत नाही, घामोळ्या उठतात, पलंगपोस दमट लागतो. दोष कुलरचा नाही, हवेत पाणी घ्यायला जागाच उरलेली नसते. अशा दिवसांत पंप बंद, ताट्या कोरड्या, सगळ्या खिडक्या उघड्या आणि नुसता पंखा. 18 इंची वाऱ्याचा झोत अंगावर घेणं यापलीकडे कुलरकडून अपेक्षा नको. दम्याचा रुग्ण किंवा तान्हं बाळ घरात असेल आणि परवडत असेल, तर एका खोलीला छोटा एसी ठेवावा. दमट हवेतलं पाणी तोच काढून टाकतो.

जुलैत कुलर उतरवताना टाकी नुसती ओतून देऊ नका. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर पत्र्याला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात. पुढच्या होळीला पाणी भरलं की अळ्या निघतात. ब्रशने कडा घासा, उन्हात वाळवा, गंजलेल्या कोपऱ्यांना रंग मारा, मोटरला तेलाचे दोन-चार थेंब द्या. जुनं वुडवूल मात्र फेकूनच द्या.