ऑडिशनच्या "गॅरंटी बॅच"मध्ये आमचे ५५ हजार गेले, कृपया वाचा

मुलगी यंदा बारावी झाली. गांधर्व महाविद्यालयाच्या मध्यमा पूर्णपर्यंतच्या गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, गाण्यातच बीए करायचं म्हणून पुण्यात विद्यापीठाच्या संगीत विभागाला अर्ज भरला, तिथे ऑडिशन घेतात. आम्ही मिरजेचे. दहा वर्षं ती इथल्याच एका बाईंकडे शिकत होती आणि बाईंनी सांगितलेलं की यमन आणि भूप हे राग तिचे चांगले आहेत, तेच नीट वाढवू.

मार्चमध्ये ओळखीतल्या एका ताईंनी एका सरांचा नंबर दिला. त्या ताईंच्या मुलाचं ॲडमिशन झालं नव्हतं, पण सरांनी पैसे परत केले होते म्हणे. आम्हाला वाटलं पैसे परत देतो म्हणजे माणूस सरळ असणार. आता कळतंय की एखाद्याचे परत देणं हाच त्याचा धंदा आहे, कारण तो एकजण पुढे पाच जणांना नंबर देतो. बाकी ज्या मुलांचं स्वतःच्या गाण्यावर होतं त्यांचे "अभिनंदन"वाले स्क्रीनशॉट तो आपल्या नावावर दाखवतो. त्याला स्वतःला काहीच करावं लागत नाही.

चार महिन्यांची ऑनलाइन बॅच, ३५ हजार आधीच भरायचे. पहिल्याच क्लासला म्हणाला यमन-भूप सगळेच गातात, ऑडिशन घेणारं पॅनेल कंटाळतं, आपण मधुवंती राग करू. एकतालातला विलंबित (संथ लयीतला) ख्याल, आलाप लिहून दिलेले, आठ ताना लिहून दिलेल्या, कुठली तान कितव्या मात्रेवरून उचलायची ते पण त्याने तंबोरा-तबल्याच्या ॲपच्या लयीवर मोजून दिलं. तंबोरा लावू नका, त्यात वेळ जातो, ॲपवरच गा. मिरजेतल्या घरात, जिथले तंबोरे देशभर जातात तिथे, आमचा तंबोरा चार महिने खोळीत होता. बाईंकडे जाणंही बंद केलं, "दोन गुरू नको" असं तो म्हणाला म्हणून. याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

ऑडिशनच्या आदल्या रात्री साडेनऊला फोन. पॅनेलमधल्या एकांशी बोलणं झालंय, २० हजार आजच्या आज पाठवा, नाही झालं तर सगळे परत. मी पाठवले. लाच आहे हे मला कळत होतं, तरी पाठवले, पोरीचं वर्ष वाया जाईल या भीतीने. लपवून काय उपयोग.

दुसऱ्या दिवशी आम्ही दाराबाहेर बसलेलो. आत एक मुलगी गात होती आणि माझी मुलगी एकदम ताठ झाली, म्हणाली आई हा माझा ख्याल आहे. बंदिश तीच, आलाप तेच, मग ताना सुरू झाल्या त्या पण त्याच क्रमाने. बाहेर बसलेल्या अजून एका मुलाच्या वडिलांचा चेहरा पांढरा पडला, त्यांच्या फाइलमध्येही तोच कागद होता.

मुलीचा नंबर लागला तेव्हा पॅनेलने मधुवंती दोनच मिनिटं ऐकला. तबल्याला समोर माणूस होता, लय ॲपपेक्षा जराशी संथ, मोजून पाठ केलेली तान समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधीच संपली आणि ती गडबडली. मग त्यांनी शांतपणे विचारलं, दुसरं काय येतं? भूप म्हणाली. थोडा गायली, तर म्हणाले देशकारला पण हेच स्वर आहेत, मग फरक दाखव. हे तिला बाईंनी शिकवलेलं, भूपात गंधार (ग) धरायचा, देशकारात धैवत (ध) धरून वरच्या अंगाने जायचं. पण चार महिने तिने दुसरा राग उघडलाच नव्हता, गळ्यातून आलंच नाही. ते कोणी वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बेटा, आधी कुणाकडे शिकत होतीस?"

यादीत नाव नाही. मी सरांना फोन केला तर म्हणे वेटिंगला आहे, अजून दहा हजार लागतील. नाही म्हटल्यावर आधी "बघतो", मग ब्लॉक. पॅनेलपर्यंत एक रुपया गेला असेल असं मला वाटत नाही, तसं असतं तर त्यांनी एवढ्या आस्थेने प्रश्न विचारलेच नसते.

तीन आठवडे मी गप्प होते, कारण सेटिंगला पैसे दिले हे पोलिसांना कोणत्या तोंडाने सांगायचं. त्याला हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर शेवटचे पैसे तो "सेटिंग"च्या नावाने मागतो. शेवटी त्या दुसऱ्या मुलाच्या वडिलांनी धीर दिला, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, यूपीआयचे सगळे व्यवहार आणि चॅट जोडून दोघांनी तक्रार टाकली. उशीर झालाय, लगेच केला असता तर पैसे अडवता आले असते कदाचित.

मुलगी परत बाईंकडे जातेय. पहिल्या दिवशी बाई काहीच बोलल्या नाहीत, तंबोरा तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, जुळव. ज्यांच्याकडे हा मधुवंतीचा आठ तानांचा कागद आला असेल त्यांनी चॅट डिलीट करू नका, पैसे कुठल्याही नावाने दिलेले असोत, तक्रारीला जा.